चतुर्थीच्या याद्या ग्रुपवर टाकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवण तालुक्यातल्या एका गावच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्डाचे अर्ज, सातबारा, रेल्वेची तिकिटं, दहावी-बारावीचे निकाल, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सगळं आमच्याकडे होतं. गावातल्या बहुतेक घरांचे कागद कधी ना कधी माझ्या मशीनच्या काचेवर पालथे पडले आहेत. कुणाच्या कागदावर काय असतं आणि दोन कागद शेजारी ठेवले की काय कळतं, हे मला रोज दिसतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

चतुर्थी तोंडावर आली की गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याद्या सुरू होतात. मंदिराच्या जीर्णोद्धाराला कुणी किती दिले त्याची यादी, मुंबईहून सुटणाऱ्या गाड्यांची आणि त्यात बसणाऱ्यांची यादी, भजनाच्या बाऱ्यांची यादी, कुणाकडे दीड दिवसाचा गणपती, कुणाकडे पाच, सात, अकरा दिवसांचा, त्याची यादी. या याद्या करणारी मुलं मनापासून राबतात. रात्री-रात्री जागून नावं जुळवतात, कुणाचं नाव राहू नये म्हणून दहा फोन करतात. त्यांच्या हेतूविषयी मला काडीचीही शंका नाही. पण यादी पूर्ण असावी म्हणून ती नावापुढे मोबाइल नंबर घालतात, मुंबईचा पत्ता घालतात, खोली नंबरासकट, आणि मग ती पीडीएफ ग्रुपवर सोडतात. ग्रुपवर सातशे-आठशे माणसं असतात. त्यात गावचे असतात, तसे कधी काळी वायरिंगला आलेला इलेक्ट्रिशियन असतो, आंब्याचा दलाल असतो, जमिनीचा एजंट असतो, आणि कुणीतरी विकून टाकलेला जुना फोनही असतो. ग्रुपमधला प्रत्येक नंबर ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतो.

आता या याद्या एकत्र ठेवून बघा. गणपतीच्या गाडीचं तिकीट कन्फर्म होणं ही आमच्याकडे आनंदाची बातमी असते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं, त्यामुळे ज्याला मिळालं तो तिकिटाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो. त्या स्क्रीनशॉटवर घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, जाण्याची तारीख आणि पीएनआर असतो. परतीचं तिकीटही मिळालेलं असेल तर तेही टाकतो. देणगीच्या यादीत त्याच माणसाचा नालासोपाऱ्याचा पत्ता आहे. गणपतीच्या यादीत त्याच्या घरापुढे 'पाच दिवस' लिहिलं आहे. तीन कागद शेजारी आले की नालासोपाऱ्यातली कुठली खोली कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत रिकामी आहे ते कळलं, आणि गावातलं कुठलं घर त्यानंतर शिमग्यापर्यंत बंद राहणार तेही कळलं. घरात म्हातारं माणूस मागे राहणार असेल तर त्याचं नाव परतीच्या तिकिटावर नसतं, म्हणजे तेही कळलं. ज्याने तिकीट टाकलं त्याने यातली एकही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.

हे मी गिऱ्हाइकांना सांगते तेव्हा उत्तर ठरलेलं असतं. "आमच्याकडे काय असा चोरूक?" भांडीकुंडी, जुना पंखा, देव्हाऱ्यातले पितळेचे देव. तिजोरी तर नाहीच. हे खरं आहे, आणि म्हणूनच पुढची हकिगत लिहिते. ज्यांची आहे त्या काकींची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात भर दुपारी एक काकी दुकानात आल्या. डोक्यावरची खोळ निथळत होती, प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक होतं, आणि मोबाइल कानाला लावलेलाच होता. एका हाताने त्यांनी मला गप्प राहायची खूण केली आणि मग फोन पोटाशी धरून कुजबुजल्या, "बाये, हे चाळीस हजार घाल गे बेगीन. माझ्या नातवाक पोलिसांनी धरल्यानी." समोरच्या माणसाने त्यांना कॉल कट करायचा नाही आणि कुणाला काही सांगायचं नाही, असं बजावलं होतं. मी फोन त्यांच्या हातून घेऊन काउंटरवर पालथा ठेवला, त्यांना स्टुलावर बसवलं आणि माझ्या फोनवरून नातवाला फोन लावला. तो पनवेलला कॉलेजात प्रॅक्टिकलला होता. त्याचा आवाज ऐकला तेव्हा काकींच्या हातातली पिशवी खाली पडली. बराच वेळ त्या रडत होत्या, आणि रडता रडता एकच विचारत होत्या, की त्या माणसाला एवढं सगळं माहीत कसं?

तो प्रश्न मला सोडवेना. कारण त्या माणसाला खरोखरच पुष्कळ माहीत होतं. तो मराठीत बोलत होता. त्याने काकींना त्यांच्या बँकेतल्या नावाने हाक मारली होती. काका वैशाखात वारले हे त्याला ठाऊक होतं. मुलगा विरारला कुठल्या बिल्डिंगमध्ये राहतो, नातू कुठल्या कॉलेजात आहे, इतकंच काय, नातवाची सॅक लाल रंगाची आहे हेही त्याने सांगितलं होतं. काकी म्हणाल्या, सॅकचं सांगितल्यावर मला खोटं वाटायला जागाच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा विरारहून आला. आम्ही दोघं दुकानात बसलो आणि एकेक गोष्ट कुठून बाहेर गेली असेल ते शोधत गेलो. काकांच्या बाराव्याला नाक्यावर फ्लेक्स लागला होता, 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुल म्हणून घरातल्या सगळ्यांची नावं आणि कंसात विरार, पनवेल. त्या फ्लेक्सचा फोटो ग्रुपवर होता. जीर्णोद्धाराच्या यादीत मुलाचं नाव, बिल्डिंग, मोबाइल नंबर, पुढे 'वडिलांच्या स्मरणार्थ' आणि रक्कम. म्हणजे घरात मृत्यू झालाय, मुलगा कुठे आहे आणि देण्याइतका पैसा आहे, एका ओळीत. नातवाचं इन्स्टाग्रामचं खातं सगळ्यांना खुलं, कॉलेजच्या नावासह पहिल्या दिवसाचा फोटो, पाठीला लाल सॅक. काकींचा नंबर बचत गटाच्या बैठकीसाठी फिरवलेल्या यादीत. आणि नंबर हाती आला की तो पैसे पाठवायच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये घालायचा, नंबर यूपीआयला जोडलेला असला की बँकेत असलेलं नाव पडद्यावर येतं. पैसे चुकीच्या माणसाला जाऊ नयेत म्हणून ती सोय आहे, पण ती सगळ्यांना सारखीच उपलब्ध आहे. संध्याकाळपर्यंत आमच्यासमोर पाच ठिकाणं होती. त्यांतली चार मी माझ्या स्वतःच्या फोनवर, बसल्या जागेवरून उघडून पाहिली.

काकींकडे चोरण्यासारखं काय होतं, तर नातवावरची माया होती. त्या माणसाला तीच हवी होती.

मला शिकलेल्या लोकांना इथे एक जुनी हकिगत सांगाविशी वाटते, कारण त्यांना वाटतं की हे फक्त अडाणी म्हाताऱ्यांच्या बाबतीत घडतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका सरकारी विभागाने १९९०च्या दशकात आपल्या कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधकांना दिल्या. नावं आणि पत्ते काढून टाकले होते, फक्त जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि पिन कोड ठेवला होता. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना ग्वाही दिली होती की यातून कुणाची ओळख पटणार नाही. लतान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने वीस डॉलर भरून केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या जुळवल्या. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले केंब्रिजमध्ये सहाच जण निघाले, त्यांत पुरुष तिघे, आणि त्यांच्या पिन कोडचे ते एकटेच. गव्हर्नरांच्या आजारपणाच्या नोंदी त्यांच्याच नावानिशी समोर आल्या. पुढे २००० साली तिने हिशेब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिन एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकटे वेगळे काढता येतात.

हाच हिशेब आपल्या गावाला लावून पाहा. एका पिन कोडखाली पाच हजार वस्ती धरा. ऐंशी वर्षांच्या काळात जवळजवळ २९ हजार तारखा येतात, स्त्री-पुरुष वेगळे केले की ५८ हजार कप्पे झाले. पाच हजार माणसं ५८ हजार कप्प्यांत वाटली तर बहुतेक कप्पे रिकामेच राहणार, आणि बहुतेक माणसं आपापल्या कप्प्यात एकटीच येणार. शहरात निदान गर्दी तरी असते. खेड्यात नाव काढून टाकलं तरी माणूस उघडाच राहतो. आमच्याकडच्या जुन्या लोकांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच लिहिली. ती पिढी तेवढी त्यातून सुटली. त्यांच्या नातवंडांच्या जन्मतारखा मात्र दवाखान्यातल्या वेळेसह खऱ्या आहेत, आणि दरवर्षी फोटोसकट स्टेटसवर लागतात.

वाढदिवसाच्या बॅनरवर मुलाचं जन्मसाल असतं. आधारची पीडीएफ डाउनलोड केली की तिला पासवर्ड असतो, म्हणून लोक ती बिनधास्त पुढे पाठवतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. सगळ्या देशात सगळ्यांना हाच नियम. पीडीएफ कुणाची हे घेणाऱ्याला माहीतच असतं आणि जन्मसाल बॅनरवर, मग कुलूप राहिलं कुठे? बोर्डाचा दहावीचा निकाल पाहायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. परीक्षेला जाताना हॉल तिकिटाचा फोटो 'बेस्ट ऑफ लक' म्हणून स्टेटसवर जातो, आईचं नाव त्याच्यावरच छापलेलं असतं. निकालाच्या दिवशी मुलीला आपले गुण कळायच्या आत दुसऱ्या वाडीतल्या कुणीतरी ते पाहिलेले असतात आणि घरी फोन येतो, "कमी पडले मां?" तिच्या तोंडावरचा रंग मी माझ्या दुकानात पाहिला आहे. तिला किती पडले हे तिने आधी स्वतः पाहायचं, मग हवं त्याला सांगायचं, हा तिचा हक्क होता.

कागदाचीही हीच कथा. २०२४च्या जुलैत 'लाडकी बहीण'चे अर्ज सुरू झाले तेव्हा बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानासमोर बायकांच्या रांगा होत्या. आधार, रेशन कार्ड, पासबुक, हमीपत्र, फोटो. मशीन गरम होऊन काळ्या रेघा मारायची, निम्म्या प्रती फुकट जायच्या, आणि त्या फुकट गेलेल्या प्रतींवर सगळं स्वच्छ वाचता यायचं. अशा प्रती रद्दीत जातात. पुढच्या आंगणेवाडीच्या जत्रेत मी खाजं घेतलं, घरी येऊन पुडी सोडली तर आतल्या बाजूला एका बाईचं आधार होतं. फोटो काळा पडलेला, पण बारा आकडे आणि पत्ता ठळक. गाव कणकवलीच्या वरचं. खाजं विकणाऱ्याचा त्यात काय दोष, त्याने किलोवर रद्दी घेतली. आमच्या दुकानात बिघडलेली प्रत गिऱ्हाइकाला परत देतो. ज्यांना नको असते त्यांची न्हाणीतल्या चुलाणात जाते. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर जे पाठवतात ते छापून झालं की गिऱ्हाइकासमोर पुसतो, कॉम्प्युटरच्या डाउनलोडमधूनही. याला अर्धं मिनिट लागतं. गिऱ्हाइकाने दुकानदाराला हे करायला सांगावं, यात संकोच करण्यासारखं काही नाही. तारकर्ली-देवबागला होमस्टे चालवणाऱ्या माझ्या ओळखीच्या बायकांनाही मी हेच सांगते. पाहुण्यांची आधार कार्डं फोनच्या गॅलरीत पोरांच्या फोटोंशेजारी वर्षानुवर्षं पडून राहतात. पाहुणा गेला, कायद्याने जेवढी नोंद ठेवायची तेवढी ठेवलीत, की फोनमधला फोटो काढून टाका.

शिवाय आधार झाकून देता येतं. आधारच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करताना 'मास्क्ड' असा पर्याय निवडला की पहिले आठ आकडे झाकले जातात, शेवटचे चारच दिसतात. बऱ्याच ठिकाणी ते चालतं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने लोकांना सांगितलं होतं की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या. लोकांत घबराट झाली म्हणून दोन दिवसांत ते पत्रक सरकारने मागे घेतलं. मला वाटतं घबराट झाली तरी चालली असती, निदान लोकांना असं काही असतं हे कळलं होतं. आमच्या बाजारपेठेत आजही दहातल्या नऊ जणांना हा पर्याय ठाऊक नसतो.

आता एक गोष्ट मला वडीलधारे ऐकवतात आणि ती मी गंभीरपणे घेते. ते म्हणतात, गावात कधी कुणापासून काही लपलं होतं का? कुणाच्या चुलीवर काय शिजलं ते वाऱ्यावरून कळायचं. आमच्या तालुक्यात आचऱ्याची, चिंदरची गावपळण असते. देवाचा कौल झाला की सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातं, तीन दिवस तीन रात्री झोपड्या बांधून राहतं. सगळ्या घरांना कड्या, आणि ही गोष्ट पंचक्रोशीला माहीत. मग आताच खासगीपणाचं हे खूळ कुठून आलं?

माझं उत्तर असं. गावात ज्याला माझं सगळं माहीत असतं, त्याचं मलाही सगळं माहीत असतं. तो कुणाचा कोण, कुठल्या घरचा, त्याने कधी कुणाला फसवलं, हे मला ठाऊक असतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असतं. त्या धाकावर गाव चालतं. काकींना फोन करणाऱ्याला काकींच्या घरातले पाचही जण माहीत होते आणि काकींना त्याचं नावही माहीत नव्हतं. शिवाय गावातलं बोलणं विरून जातं. दहा वर्षांपूर्वी कुणाच्या घरी काय भांडण झालं ते आज कुणाला धड आठवत नाही. फोनमधली यादी जशीच्या तशी राहते.

२०२० सालच्या उन्हाळ्यात चाकरमानी परत येत होते, शाळांत विलगीकरण होतं, हातावर शिक्के मारलेले होते. तेव्हा कुणाला कुठल्या वर्गात ठेवलंय, कुणाची तपासणी काय आली, याच्या याद्या नावं-वयांसह ग्रुपवर फिरल्या. भीतीचे दिवस होते, लोकांना माहिती हवी होती, मी समजू शकते. पण त्या याद्यांतल्या एका कुटुंबाच्या विहिरीवर पुढे महिनाभर कुणी गेलं नाही, दूध घालणारीने दूध बंद केलं. त्यांचा मुलगा खणखणीत बरा झाला. ती यादी अजून लोकांच्या फोनमध्ये आहे. 'बरा झाला' असं सांगणारी दुसरी यादी कुणीच काढली नाही.

कायदा यात किती मदत करील? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या संदर्भात केलेल्या याचिकेवर तो निकाल आला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्या कंपन्यांना वचक बसायला हे हवंच होतं. पण माझ्या गावातल्या लोकांनी यातली एक तरतूद नीट वाचावी. एखाद्याने आपल्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. आणि जी माहिती आपण स्वतःहून सार्वजनिक केली, तिलाही नाही. म्हणजे मुलीची जन्मतारीख आईने स्वतः सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या पानावर लिहिली, तर ती उचलणाऱ्याला हा कायदा अडवत नाही. जे आपण आपल्या हाताने बाहेर मांडलं त्याची राखण आपल्यालाच करायची आहे.

म्हणून माझं मागणं गावांच्या आणि मुंबईतल्या मंडळांकडे आहे. देणगीदारांची नावं आणि रकमा मंदिरातल्या फळ्यावर लावा, जरूर लावा. पैशाचा हिशेब उघड असलाच पाहिजे, खासगीपणाच्या नावाखाली तो झाकायला मी मुळीच सांगत नाही. पण मोबाइल नंबर आणि मुंबईचे पत्ते खजिनदाराच्या वहीत राहू द्या. ज्याने गुप्त ठेवायला सांगितलं त्याचं नावही घालू नका. गाडीची यादी गाडी ठरवणाऱ्या दोघांकडे असली की पुरे. तिकीट कन्फर्म झालं की ग्रुपवर तसं लिहा, सगळे आनंद मानतील, त्यासाठी तिकीट दाखवायला नको. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर घरच्यांची नावं असू देत, गावांची नावं कशाला? आणि ज्यांच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे त्यांनी आपसात एखादा शब्द ठरवून ठेवा. पैसे मागणारा फोन आला की तो शब्द विचारायचा. काकींच्या घरी आता तसा शब्द आहे. पैसे गेलेच, तर रडत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करायचा. जितक्या लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. हा क्रमांक फोनशेजारी भिंतीवर खडूने लिहून ठेवा, फोनमध्ये साठवू नका, कारण अशा वेळी तो फोन त्या माणसाच्या ताब्यात असतो.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे, आणि आपण ते रागावून न घेता छापाल असा विश्वास आहे. घरफोडीची बातमी येते तेव्हा त्यात वाडीचं नाव, घरमालकाचं पूर्ण नाव, 'हे कुटुंब मुंबईत वास्तव्यास असून घर वर्षभर बंद असते' आणि 'शेजारची चार घरेही बंद आहेत' असं सगळं असतं. चोरी झालेल्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शेजारच्या चार घरांची मात्र त्या दिवशी जाहिरात झालेली असते. गाव लिहा, वाडी आणि नावं लिहू नका. बातमीत त्याने काही उणं पडणार नाही. आणि रविवारच्या पानावर लहान मुलांचे वाढदिवसाचे फोटो येतात, त्याखाली पूर्ण नाव, आई-वडिलांची नावं, शाळा आणि गाव असतं. ते सदर मुलांना फार आवडतं हे मला माहीत आहे, फोटो स्कॅन करायला ती माझ्याकडेच येतात. फोटो छापा, पहिलं नाव छापा. शाळा, गाव आणि आडनाव गाळा. स्कॅन करताना मी आया-बापांना हे सांगतेच, पण 'पेपरवाले मागतात' असं म्हटलं की माझं बोलणं खुंटतं. आपण मागणं बंद केलंत तर तो प्रश्नच संपेल.

चतुर्थीपर्यंत कुठल्याही मंडळाने आपली यादी आमच्या दुकानात आणली तर नंबर-पत्ते काढून तिची फळ्यावर लावण्याजोगी प्रत आम्ही पैसे न घेता छापून देऊ. पंचक्रोशीतल्या मंडळांना दुकान माहीत आहे. यादी पेन ड्राइव्हवर किंवा वहीत आणावी, कृपया व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये. मास्क्ड आधार काढायचं असेल त्यांनी आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणावा, ओटीपी त्यावरच येतो. तो ओटीपी स्वतः टाकायचा, आम्हालाही सांगायचा नाही.

आपली नम्र,
एक झेरॉक्स दुकानदार
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

(नाव आणि पूर्ण पत्ता वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे. तो फक्त कार्यालयाच्या माहितीसाठी आहे, कृपया छापू नये.)